लेण्याद्रीच्या पायऱ्या, आईचे गुडघे आणि डोली

धाकटी_लेक

नमस्कार मंडळी. आई ७४ वर्षांची, दोन्ही गुडघे झिजलेले, उजवा जास्त. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात, ती "दिवाळीनंतर बघू" म्हणते. अशा तीन दिवाळ्या झाल्या.

अष्टविनायकातले सात तिचे झालेत. राहिलाय लेण्याद्रीचा गिरिजात्मज, आणि तोही माझ्यामुळे. १९८८ साली आईबाबा एसटीने गेले होते. मी दीड वर्षाची, अंगात सणकून ताप. बाबा वर जाऊन आले, आई मला मांडीवर घेऊन पायथ्याशी बसून राहिली. "पुढच्या खेपेला तू जा, मी पोरीला धरतो," असं बाबा म्हणाले होते म्हणे. ती खेप आलीच नाही. बाबा जाऊन आता चार वर्षं होतील.

पायऱ्या नक्की किती? कुणी २८३ सांगतं, कुणी ३०७. मध्ये टेकायला जागा आहे का? डोली मिळते हे माहितीये, पण तिथेच गाडी अडलीये. आईचं म्हणणं, "चौघांच्या खांद्यावर माणसानं एकदाच जायचं असतं. ते जाईन तेव्हा जाईन." यावर काय बोलणार?

शिवनेरीच्या_पायथ्याशी

ताई, मी जुन्नरचाच. पायऱ्यांच्या आकड्याच्या नादी लागू नका, मोजणाऱ्याला दम लागला की आकडा चुकतो. तीनशेच्या आसपास धरून चाला. खरी अडचण संख्येची नाहीये. पायऱ्या दगडी आहेत आणि सगळ्या एका उंचीच्या नाहीत. चार सोप्या येतात, लय जमते, आणि पाचवी एकदम उंच. गुडघा तिथे दुखावतो. मध्ये टेकता येतं, त्याची काळजी नको.

सकाळी जितक्या लवकर याल तितकं चांगलं. डोंगराची ही बाजू दक्षिणेकडची, त्यामुळे नंतर ऊन थेट पाठीवर आणि दगडही तापतो. संकष्टी, भाद्रपद आणि माघातली गणेशजयंती सोडून कधीही या. लेणी पुरातत्त्व खात्याकडे असल्यामुळे तिकीट काढावं लागतं, त्यावरून रांगेत वाद घालणारे रोज दोन तरी भेटतात. त्यांच्या मागे उभं राहू नका.

माकडं आहेत, आणि ती हुशार आहेत. नारळ, फुलांची पुडी, केळी, काहीही हातात दिसेल असं नेऊ नका. प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज त्यांना लांबून कळतो.

डोलीबद्दल आईंना माझ्यातर्फे एवढंच विचारा: पालखीतला देव कुणाच्या खांद्यावर जातो? तोही चौघांच्याच ना? त्याला दरवर्षी चालतं. आणि डोली खालून मिळते तशी वरूनही मिळते, पण पैसे बसायच्या आधी ठरवा.

कटोरी_वाटी

नावावरून कळलं असेल, मी फिजिओ आहे, दिवसभर गुडघ्याच्या वाट्याच बघते. सगळ्यांना चढायची भीती वाटते, पण झिजलेल्या गुडघ्याला उतरणं जास्त महागात पडतं. उतरताना शरीराचा सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर येतो आणि मांडीच्या स्नायूला तो ब्रेकसारखा धरून ठेवावा लागतो. त्यामुळे डोली घ्यायचीच तर निदान उतरायला घ्या.

चढताना आधी बरा पाय वर, मग दुखरा त्याच पायरीवर. उतरताना उलट, आधी दुखरा खाली. म्हणजे आईंच्या बाबतीत चढताना डावा, उतरताना उजवा. घरच्या जिन्यावर आठवडाभर सराव करून घ्या, तिथे गेल्यावर शिकवायला जाल तर दोघी भांडाल. कठडा दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हाताला मिळाला तर उत्तम. काठीचंही तेच. बरेच जण दुखऱ्या बाजूलाच काठी धरतात आणि वर "काठीचा उपयोग होत नाही" म्हणतात.

कातळवेडा

लेण्याद्री म्हणजे काहीच नाही हो! हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत जा एकदा. कमरेइतकं बर्फासारखं पाणी, मध्ये भलंमोठं शिवलिंग, चार खांबांपैकी एकच उभा राहिलाय. त्या पाण्यातून प्रदक्षिणा घातली की

शिवनेरीच्या_पायथ्याशी

अहो, ७४ वर्षांच्या बाईला पाचनईच्या वाटेने चढवताय का?

कातळवेडा

सॉरी, वय वाचलंच नाही. पण एक सांगायचं होतं, लेण्याद्रीला गेलात तर गणपतीचं दर्शन घेऊन तसेच मागे फिरू नका. शेजारचं सहा नंबरचं लेणं चैत्यगृह आहे, आत स्तूप आहे. गणपती आहे ते सातवं, मुळात बौद्ध भिक्खूंचा विहार. लोक तीन पावलांवर असलेलं चैत्यगृह न बघता प्रसाद घेऊन उतरतात, तेव्हा जीव तुटतो.

नाशिकची_सून

माझ्या सासूबाईंचंही "खांद्यावर नको" असंच होतं. आम्ही वणीला सप्तशृंगीला नेलं, तिथे २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. रुळांवरून वर जाते, खांदा नाही, बिदा नाही. आईंना आधी तिकडे न्या, अठरा हातांची देवी बघून मूड बनेल. मात्र गिरनारच्या रोपवेला भुलून दत्ताला न्यायचं मनात आणू नका. रोपवे अंबाजीपर्यंतच जातो, दत्तपादुकांसाठी पुढे उतरून परत चढायचंच असतं. आम्ही हे वर पोचल्यावर शिकलो.

धाकटी_लेक

जाऊन आलो! सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितेय त्याबद्दल क्षमस्व.

पालखीतल्या देवाचं आईला सांगितलं. ती म्हणाली, "देवाला वजन कुठे असतं, मी ७१ किलो आहे." विषय संपला. मग जिन्यावरचा सराव. पहिल्या दिवशी उजवा-डावा यावरून भांडण झालंच, पण घरात झालं ते बरं.

बुधवारी पहाटे पुण्याहून निघालो, आठच्या आत पायथ्याशी होतो. चढायला एक तास वीस मिनिटं लागली, चार वेळा बसलो. नारळ आणि दुर्वा नवऱ्याच्या जॅकेटच्या आत होत्या, त्यामुळे माकडांना त्या मिळाल्या नाहीत. मिळाली ती आईची नी-कॅप. तिसऱ्यांदा बसली तेव्हा खाज येते म्हणून तिने उजवी काढून शेजारी पायरीवर ठेवली. एक मध्यम वयाची माकडीण आली, उचलली, ताणून बघितली, चावून बघितली, स्वतःच्या हातात घालून बघितली आणि नापसंत करून खाली झुडपात टाकली. आई इतकी हसली की मला वाटलं आता इथूनच परतावं लागतंय. पुढचं सगळं ती एकाच नी-कॅपवर चढली.

आत गेल्यावर मला वाटलं होतं रडेल. नाही रडली. हात जोडले, मागच्या भिंतीतल्या त्या शेंदरी गणपतीकडे बराच वेळ बघत राहिली. तिथेच कुणीतरी सांगत होतं की मूर्ती वेगळी घडवलेली नाही, डोंगराच्या दगडातच आहे आणि आपल्याला दिसते ती पाठ. मग आईने मान वर करून छत बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणाली, "खरंच गं, एवढी मोठी खोली आणि खांब एकसुद्धा नाही. खाली आल्यावर हे म्हणाले होते मला. मला वाटलं, मी वर गेले नाही म्हणून थापा मारतायत." कातळवेडा, चैत्यगृह बघितलं. तुमचं नाव घेऊन बघितलं.

उतरताना बारा-पंधरा पायऱ्या झाल्या आणि उजवा गुडघा लटपटायला लागला. मी डोलीचं नावही काढलं नाही. तीच थांबली, डोलीवाल्यांना हाक मारली आणि भाव करायला लागली. त्यांनी कमी केले नाहीत, तरी बसली. खाली येईपर्यंत त्यातल्या सगळ्यात पुढच्या मुलाला काय शिकलास, लग्न झालं का, आईचे गुडघे कसे आहेत, सगळं विचारून झालं होतं. खाली उतरल्यावर ठरल्यापेक्षा जास्त पैसे दिले, मला न विचारता, माझ्या पर्समधून.

पायथ्याशी ती जिथे बसली होती ती जागा शोधली. सापडली नाही. आता सगळीकडे दुकानं आहेत. "इथे झाड होतं," ती म्हणत राहिली, दोन-तीन ठिकाणी.

मग ओझर, तिथे मात्र सपाट जमीन आणि लांब रांग. आता नाशिकची सून यांना प्रश्न: वणीला ट्रॉलीतून उतरल्यावर पुढे पायऱ्या आहेत का? आईने विचारलंय.