मदत हवी आहे: पहिल्यांदाच येणाऱ्या पार्टीला काय दाखवू? (उद्यमबाग, बेळगाव)

नमस्कार मंडळी,

उद्यमबागेत आमचं छोटं मशीनशॉप आहे. तीन सीएनसी, एक जुना लेथ, अकरा माणसं. हायड्रॉलिक सिलिंडरचे पिस्टन आणि ग्लँड जॉबवर्कने करतो. गुरुवारी चाकणच्या एका कंपनीतले दोघे पहिल्यांदाच येतायत. परचेसचे पुण्याचे, क्वालिटीचे मूळ बेंगळुरूचे. एवढी मोठी पार्टी आमच्या दारात रोज येत नाही, म्हणून विचारतोय.

आधी मागच्या वर्षीची फजिती सांगतो, म्हणजे रोग कळेल. अशीच एक पार्टी आली होती. मी ऑफिसात एसी लावून चाळीस मिनिटं लॅपटॉपवर स्लाइड दाखवल्या. आजोबांची फाउंड्री, आबांनी घेतलेला पहिला लेथ, सगळं. चहा झाला, परत चहा झाला. शेवटी शॉपमध्ये गेलो तर त्यांच्यातल्या एका पोरगेल्या इंजिनिअरने टेबलावरचा मायक्रोमीटर उचलला. मला वाटलं, जॉब, म्हणजे मशीनवर केलेला भाग, मोजणार. त्याने तो उलटा करून नुसतं स्टिकर वाचलं. कॅलिब्रेशनची, म्हणजे माप बरोबर दाखवतो का या तपासणीची, तारीख दोन महिन्यांपूर्वीच संपलेली. पोरगा एक शब्द बोलला नाही. होता तिथं अलगद ठेवून दिला.

निघताना प्रत्येकाच्या हातात अर्धा किलो कुंदा दिला. पंधरा दिवसांनी फोन केला तर साहेब म्हणतात, "अहो, कुंदा काय होता तो! घरात एका दिवसात संपला." ऑर्डरचं नाव नाही. कुंदा लक्षात राहिला, आम्ही नाही.

पुतणी मानसशास्त्र शिकते. ती सांगते की 2006 साली प्रिन्स्टनच्या दोघांनी प्रयोग केला होता, नुसता चेहरा बघून समोरचा भरवशाचा वाटतो की नाही हे लोक सेकंदाच्या दहाव्या भागात ठरवतात. तेवढ्यात आमच्याकडं "या, बसा" पण म्हणून होत नाही.

तर आल्या आल्या ऑफिसात बसवू की थेट शॉपमध्ये नेऊ? दुसरं, बेंगळुरूच्या साहेबांशी कन्नडात बोलू का? आबांचं कन्नड फर्डं आहे, माझं गिऱ्हाइकापुरतं. खरं परचेसवाले मराठी, त्यांना परकं वाटलं तर? आणि आबांचा हट्ट, शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. तीस वर्षांच्या क्वालिटी इंजिनिअरला शाल!

जुनाक्वालिटीवाला:
बावीस वर्षं व्हेंडर ऑडिट, म्हणजे माल पुरवणाऱ्यांच्या शॉपची तपासणी, केलेत, म्हणून सांगतो. थेट शॉपमध्ये न्या, स्लाइड राहू देत. मी कुठंही गेलो की आधी रिजेक्शनचा, म्हणजे बिघडलेले जॉब टाकायचा, लाल डबा शोधायचो. तो धुऊन-पुसून रिकामा दिसला की समजायचं, काल रात्री माल कुठंतरी लपवलाय. तुमच्या डब्यात चार जॉब असू देत. का गेले ते मशीनवरच्या पोराला सांगता आलं पाहिजे. तुम्ही मध्ये बोलायचं नाही. अवघड आहे, खरं तोंड बंद ठेवा.

खानापूरकर:
कन्नडाचं एवढं काय डोक्यात घेताय? आबांना दारात उभं करा, "बर्री, कुंद्रि" म्हणू देत. बेंगळुरूचा माणूस "बन्नी" म्हणणारा, आपलं "बर्री" ऐकून हसेल, खरं मोकळा होईल. पुढं ड्रॉइंगवरचं बोलणं तिघांना कळेल त्या भाषेत. दोघांपैकी एकाला कळत नसताना दुसऱ्याशी खुसपुसायचं तेवढं टाळा. शालीचं आबांना तुम्हीच समजवा, आमच्यावर ढकलू नका.

धागाकर्ता:
जुनाक्वालिटीवाले काका, तुम्ही तर माझी चोरीच पकडलीत. लाल डबा रिकामा करायला मी आजच सांगणार होतो. आता राहू दे म्हटलंय. मायक्रोमीटर आणि बोअर गेज सकाळीच कॅलिब्रेशनला धाडले, बुधवारी संध्याकाळी मिळतील म्हणाले. आबा दारात उभं राहायला एका पायावर तयार आहेत, शाल मात्र अजून हातातून सुटलेली नाही. कुंदा यंदाही देणार, गाडीत बसताना.

काका, एकच राहिलं. त्या चार जॉबवर कारण लिहिलेली चिठ्ठी बांधून ठेवू, की पोरालाच तोंडी सांगू दे? पोरगं कामाला वाघ आहे, खरं साहेब दिसला की त-त-प-प होतं.