विषय: ओटावाची सोन्याची नाणी – किंमत कशी काढायची?

प्रेषक: वैशाली (मिसिसागा)

नमस्कार मंडळी,

घरात सोन्याची तीन कॅनेडियन नाणी आहेत. विकायची की ठेवायची हे ठरवण्याआधी त्यांची खरी किंमत समजून घ्यायची आहे. वजनं घरच्या ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर केली आहेत.

१) १९१४, दहा डॉलर, राजा पाचवा जॉर्ज, मागे ढाल आणि मेपलची पानं. १६.७१ ग्रॅम.
२) १९११ ची गिन्नी, घोड्यावरचा सेंट जॉर्ज. सनाच्या वर बारीक 'सी' (ओटावाच्या टांकसाळीची खूण) दिसतो. ८.०६ ग्रॅम.
३) १९७६, शंभर डॉलर, ऑलिंपिक. १३.३४ ग्रॅम.

पहिल्या नाण्यावर लालसर ठिपके आहेत. ते रिठ्याच्या पाण्यात धुतले तर चालेल का?

वैशाली

---

प्रेषक: अनंत (ओटावा)

वैशालीताई,

धुऊ नका. आधी हेच. रिठा, टूथपेस्ट, सोनाराचं पॉलिश यांतलं काहीही नको. कापडाने पुसलं तरी पृष्ठभागावर केसाएवढ्या समांतर रेघा उठतात, आणि दिव्याखाली नाणं फिरवलं की जाणकाराला त्या लगेच दिसतात. मग ते 'साफ केलेलं' नाणं ठरतं आणि संग्राहक देतो तो वरचा पैसा जातो. लाल ठिपके तांब्याचे आहेत. या नाण्यात ९० टक्के सोनं आणि बाकी तांबं असतं. मिश्रधातू नीट एकजीव झाला नाही तर कुठेकुठे तांबं वर येतं. ठिपके असू द्या. तेलकट किंवा चिकट थर असेल तर शुद्ध ॲसिटोन काचेच्या वाटीत घेऊन नाणं दोन मिनिटं बुडवा, कडेने धरून बाहेर काढा, हवेत वाळू द्या. खिडकी उघडी, गॅस बंद, आणि चोळायचं अजिबात नाही. ॲसिटोनने तांब्याचा ठिपका जात नाही, थर तेवढा जातो.

आता किंमत. तळाचा आकडा धातूचा: वजन गुणिले कस, भागिले ३१.१०३५, म्हणजे ट्रॉय औंस मिळतात. दहा डॉलर: १६.७२ × ०.९ ÷ ३१.१०३५ = ०.४८३८ औंस. गिन्नी: ७.९८८ ग्रॅम, २२ कॅरेट, ०.२३५४ औंस. हिशेबापुरता औंसाला ४,००० कॅनेडियन डॉलर भाव धरला तर दहा डॉलरच्या नाण्यात १,९३५ आणि गिन्नीत ९४२ डॉलरचं सोनं आहे. कोणी याच्या बरंच खाली मागत असेल तर उठून या.

१९७६ च्या नाण्यात बरेच जण फसतात, कारण तेच मूल्य दोन प्रकारांत काढलं होतं. एक १४ कॅरेटचं, २७ मिलिमीटर व्यासाचं, १३.३४ ग्रॅम, त्यात पाव औंस सोनं. दुसरं २२ कॅरेटचं प्रूफ (संग्राहकांसाठी खास चकचकीत काढलेलं), व्यासाने लहान, २५ मिलिमीटर, पण १६.९७ ग्रॅम आणि त्यात अर्धा औंस. तुमचं पहिलं आहे. नाणं मोठं दिसतं म्हणून सोनं जास्त, असं समजू नका. ही लाखोंनी निघाली, त्यामुळे संग्राहकाचा भाव जवळजवळ नाहीच, धातूच्या भावातच जातात. १९७७ ते १९८६ ची शंभर डॉलरची नाणी २२ कॅरेटची, १९८७ पासून पुन्हा १४ कॅरेट. कागद हरवला असेल तर सन आणि वजन पुरतं.

१९१४ च्या दहा डॉलरचं प्रकरण वेगळं आहे. पाच आणि दहा डॉलरची ही सोन्याची नाणी ओटावात १९१२, १९१३ आणि १९१४ या तीनच वर्षांत पडली. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि त्यांतली बरीचशी सरकारी तिजोरीतच राहिली. तिथून ती बँक ऑफ कॅनडाकडे आली. २०१२ मध्ये त्या साठ्यातली चांगली ३०,००० नाणी निवडून टांकसाळीने विकायला काढली आणि उरलेली दोन लाखांवर नाणी वितळवली. चांगल्या स्थितीतली नाणी अचानक बाजारात आल्यामुळे जुन्या कॅटलॉगांतल्या किमती विसरा. २०१२ नंतरच्या लिलावांचे प्रत्यक्ष निकाल पाहा. न वापरलेल्या नाण्याची प्रत एमएस ६० ते ७० अशा गुणांत मोजतात. त्यातलं साधारण, म्हणजे एमएस ६० ते ६२ चं नाणं धातूच्या भावाच्या आसपासच राहतं. खरा फरक एमएस ६४ पासून पडतो. मुळात किती कमी नाणी पाडली होती, त्या संख्येने हुरळून जाऊ नये. संख्या कागदावर आणि झीज नाण्यावर. त्यातल्या त्यात पाच डॉलरचं १९१४ खरोखर कमी, ३१,१२२ पडली होती.

झीज पाहायला ५ ते १० पटीचं भिंग आणि एकच तिरपा दिवा घ्या. राजाच्या बाजूला मुकुटाची पट्टी, भुवई आणि दाढी-मिशी आधी सपाट होतात. तिथे रंग फिका, मंद दिसला तर नाणं वापरलेलं. थैलीत एकमेकांवर आपटून गालावर पडलेल्या खाचा हा वेगळा दोष. तो न वापरलेल्या नाण्यावरही असतो आणि गुण खाली आणतो.

तुमच्या गिन्नीचं वजन मात्र खटकतंय. ७.९९ च्या वर ते जायला नको. झिजलं तर कमीच होईल, वाढणार नाही. दोन शक्यता: बनावट, किंवा कधीतरी कडी झाळून गळ्यात घातलेली आणि झाळ राहिलेली. कडेवर, राजाच्या डोक्याच्या वर, बाराच्या काट्याच्या जागी भिंगाने पाहा. दात (कडेलगतची बारीक खाचांची नक्षी) बुजलेले किंवा वेगळ्या रंगाचा धातू दिसतो का?

घनताही काढा. पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवून शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढं त्याचं आकारमान. हवेतलं वजन त्याने भागा. गिन्नीला १७.५ च्या आसपास, दहा डॉलरला १७.२ च्या आसपास यायला हवं. नाण्याला बुडबुडा चिकटला तर घनता खोटी कमी दिसते. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका. ०.०१ च्या काट्यावर न्यूफाउंडलंडच्या जुन्या सोन्याच्या दोन डॉलरसारख्या ३.३३ ग्रॅमच्या नाण्याला ही पद्धत लावू नका, आकारमानच ०.१९ येतं आणि शेवटच्या एका अंकाच्या चुकीने सगळा हिशेब बिघडतो.

अनंत

---

प्रेषक: श्रीकांत (ब्रॅम्प्टन)

अनंतकाकांच्या उत्तरात थोडी भर.

घनता बरोबर आली म्हणजे नाणं खरं, असं नाही. दुर्मिळ सनाची बनावट नाणी खऱ्या सोन्याची करतात, कारण फायदा सोन्यात नसून सनात असतो. १९०८ ची 'सी' गिन्नी फक्त ६३६ पडली. १९१६ ची ६,१११ पडली खरी, पण आज मोजकीच उरली आहेत. असा सन दिसला की लंडनच्या गिन्नीवर 'सी' चिकटवलेला नाही ना ते पाहा: अक्षर पृष्ठभागातूनच उठलेलं हवं, त्याच्या मुळाशी खरवड किंवा रेघ नको. १९११ ची अडीच लाखांवर पडली, तिथे ही कारागिरी कोणी करत नाही.

करांचं बघा. जीएसटी-एचएसटी या विक्रीकराची सूट ९९.५ टक्के किंवा त्याहून शुद्ध सोन्यालाच आहे. मेपल लीफ या शुद्ध सोन्याच्या कॅनेडियन नाण्याला कर नाही, पण गिन्नी किंवा १९१४ चं दहा डॉलर ऑन्टारियोत व्यापाऱ्याकडून घेताना १३ टक्के लागतात. म्हणजे धातूच्या भावात घेतलं तरी पहिल्या दिवशी तेवढं मागे. विकताना प्राप्तिकरात नाणी 'लिस्टेड पर्सनल प्रॉपर्टी' (संग्रहाच्या वस्तूंचा वेगळा वर्ग) धरतात. एका नाण्याचे १,००० डॉलरपर्यंत आले तर भांडवली नफा धरत नाहीत. तोटा झाला तर तो याच वर्गातल्या नफ्यातून वजा होतो, शेअरांच्या नाही. आज दहा डॉलरचं नाणं ती मर्यादा ओलांडतं, म्हणून खरेदीची पावती किंवा वारसा मिळाला तेव्हाचं मूल्यांकन जपून ठेवा.

श्रीकांत

---

प्रेषक: वैशाली

काका, पाहिलं. बाराच्या जागी तीन-चार दात भरलेले आहेत आणि तिथे धातू किंचित पिवळट-पांढरा आहे. पाण्यात ०.४६ आलं, म्हणजे १७.५. शिवाय पुण्यातल्या लॉकरमध्ये १९१८ ची आणखी एक गिन्नी आहे, सनाच्या वर 'आय'. पुढच्या खेपेला तीही इकडे आणावी का?

---

प्रेषक: अनंत

कडीच होती. नाणं खरं दिसतंय, पण झाळ लागलेली म्हणून धातूच्या भावाचं. झाळ काढायला सोनाराकडे देऊ नका, तासताना आणखी धातू जाईल. दहा डॉलरचं नाणं एमएस ६४ च्या खाली वाटत असेल तर पीसीजीएस, एनजीसी किंवा आयसीसीएस या प्रत ठरवणाऱ्या संस्थांकडे पाठवू नका. फी आणि विम्याचं टपाल वरच्या पैशातून सुटणार नाही. मऊ पीव्हीसीच्या पिशवीतून काढून मायलरच्या (पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकच्या) कव्हरात ठेवा.

पुण्याची गिन्नी मुंबईच्या टांकसाळीची आहे. तिथे गिन्न्या १९१८ च्याच सनाच्या पडल्या. ती आणू नका. शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं भारताच्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. विकायचीच असेल तर तिथेच, नाण्यांच्या लिलावात. आणि हो, तीही धुऊ नका.

अनंत