परांची शेजाऱ्याच्या परसात

दादा, मागच्या भिंतीच्या गिलाव्यासाठी शेजारी परसात परांची बांधू देईना म्हणून 'सरळ घुसा, हक्कच आहे' असा सल्ला वरच्या एका उत्तरात कुणीतरी दिलाय. तसलं काही करू नका, उलट तक्रार अंगावर यायची. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात (दुसऱ्याची जागा ठरावीक कामाला वापरायच्या हक्काचा कायदा) असा हक्क मिळायला नुसती अडचण पुरत नाही. पाइप त्याच्या जागेतून हक्कानं गेली असेल, तर कलम २४ प्रमाणं दुरुस्तीला उकरता येतं. जमीन मात्र पूर्ववत करून द्यायची. दोन्ही घरं भाऊवाटणीतली असतील तर कलम १३ (वाटणीनंतर गरजेपुरता मिळणारा हक्क) वकिलाला दाखवा. नाहीतर लेखी परवानगी घ्या: तारखा, परांचीची जागा, तुळशीकट्टा फुटला तर भरपाई. आपण कर्नाटकात, म्हणून कागद कन्नडमध्येही करा, पुढं भाषांतराची धावपळ नको. आणि मृगाच्या आत उरका, खानापूरकडं झड धरली की गिलावा वाळत नाही.