एल्डन रिंग: अ‍ॅस्ट्रॉलॉजरलाच तलवार द्यावी की व्हॅगाबाँड घेऊन नव्याने सुरुवात? मदत हवी आहे

एल्डन रिंग या व्हिडिओ गेममध्ये माझा गडी अ‍ॅस्ट्रॉलॉजर (जादूगार क्लास), लेव्हल ५२. व्हिगर (जीव) २०, माइंड (जादू वापरण्याची ताकद) २१, इंटेलिजन्स (जादूचा जोर) ४४, बाकी जवळजवळ सुरुवातीचेच आकडे. रेनाला ही बॉस हरवून झाली, आता राडान या बॉसपाशी अडकलोय. रॉक स्लिंग या दगडफेकीच्या जादूसाठी मीटिओराइट स्टाफ (जादूची काठी) वर करेपर्यंत राडान अंगावर आलेला असतो आणि दोन फटक्यांत खेळ खल्लास. घोड्यावरून लढून झालं, सोबत्यांना पुन्हा पुन्हा बोलावून झालं. खरं सांगायचं तर लांबून दगड मारत बसण्याचा कंटाळाही आलाय. ढाल-तलवार घेऊन समोरासमोर भिडायचंय.

दोन लार्वल टिअर (आकडे नव्याने वाटायला लागणारी वस्तू) हातात आहेत, म्हणजे रेनालाकडे जाऊन आकडे बदलता येतील. पण क्लास बदलत नाही, मेख तिथेच आहे. अ‍ॅस्ट्रॉलॉजरचं माइंड १५ आणि इंटेलिजन्स १६ च्या खाली जात नाही. व्हॅगाबाँड या तलवारबाज क्लासचं तेच १० आणि ९. तलवारीला हे आकडे लागत नाहीत. फेथ-आर्केन हे असेच दोन आकडे धरून हिशोब केला तर त्याच लेव्हलला माझे १२ पॉइंट वाया जातात.

मूनव्हेल ही तलवार आहे, पण तिला डेक्स्टेरिटी (चपळाई) १८ लागते, माझी १२. शिवाय तिच्यात पुन्हा जादूच आली.

पीएस४ वर ऑफलाइन खेळतो, त्यामुळे दुसऱ्या खेळाडूंची मदत शक्य नाही. डीएलसी (गेमचा वेगळा विकत घ्यायचा जादा भाग) नाही. रोज रात्री जेमतेम तासभर मिळतो, म्हणून ‘सरळ नवीन सुरू कर’ म्हणणार असाल तर कारणही सांगा.

दोन्ही क्लास खेळलेल्यांना विचारतो: हे १२ पॉइंट पुढे खरंच जाणवतात का, की टिअर वापरून याच गड्याला व्हिगर ४० वर न्यावं?