चुंबकांमधलं बल सिम्युलेट करायचंय, सुरुवात कुठून करू?

शिकाऊ: १० मिमी व्यासाच्या आणि ५ मिमी जाडीच्या दोन एन४२ (निओडिमियम चुंबकाची एक प्रत) चकत्या एकाच अक्षावर समोरासमोर आहेत. अंतराप्रमाणे त्यांच्यातलं बल कसं बदलतं ते काढायचंय. पायथन येतं, विद्युतचुंबकत्व बारावीपुरतंच. सॉफ्टवेअर कोणतं घेऊ, आधी काय शिकू?

ध्रुव: आधी कागदावर एक आकडा काढा, नाहीतर पडद्यावरचं उत्तर बरोबर की चूक हे कळायला मार्ग नाही. लांबून चकती द्विध्रुवासारखी वागते. तिचं आघूर्ण (चुंबक म्हणून एकूण ताकद) = अवशिष्ट चुंबकन (पदार्थात कायम राहिलेलं; एन४२ला साधारण १.३ टेस्ला) × आकारमान ÷ म्यू-नॉट. तुमच्या चकतीचं ०.४१ अँपिअर-चौ.मीटर येतं. बल = ३ × म्यू-नॉट × आघूर्णांचा गुणाकार ÷ (२ × पाय × अंतराचा चौथा घात). केंद्रांत ५० मिमी अंतर असेल तर ०.०१६ न्यूटन, म्हणजे दीड ग्रॅमच्या वजनाइतकं. अंतर निम्मं केलं की सोळापट.

चकत्या एकमेकींना चिकटल्या की हेच सूत्र १५८ न्यूटन सांगतं. एवढ्या व्यासाचे चुंबक कितीही लांब घेतले तरी ५३ न्यूटनच्या वर जात नाहीत! म्हणून जवळच्या अंतरासाठी 'फेम' (FEMM, चुंबकीय क्षेत्र काढणारं सॉफ्टवेअर) वापरा, फुकट आहे. प्रश्नाचा प्रकार अक्ष-सममित ठेवा, एकक मिमी. चकतीच्या अर्ध्याच छेदाचा आयत काढायचा, डावी कड अक्षावर. चुंबकनाची दिशा ९० अंश द्या. ती ० राहिली तर चुंबकन त्रिज्येच्या दिशेने धरलं जातं. फटीतली जाळी (गणितासाठी पाडलेले बारीक तुकडे) ०.२ मिमी करा आणि बाहेरच्या सीमेसाठी खुल्या सीमेची सोय वापरा. चुंबकाच्या चहूबाजूंनी हवा हवीच, कारण बल त्या हवेतल्या क्षेत्रावरून काढलं जातं.

शिकाऊ: केलं. बल जवळजवळ शून्य येतंय.

ध्रुव: दोन्ही चकत्या एकदम निवडल्या असतील. एकच निवडून भारित ताण-टेन्सरने (फेममधला बल काढायचा पर्याय) बल घ्या, मग दुसरीचं घ्या. दोन्ही आकडे सारखे आणि चिन्हं उलट आली पाहिजेत. फरक मोठा असेल तर जाळी बारीक करा.

फटफटी: पायथन येतंय तर स्वतः लिहाच, शिकायला याहून चांगला रस्ता नाही. प्रत्येक सपाट पृष्ठभागाचे तुकडे पाडा, तुकड्याचं ध्रुवबल = (अवशिष्ट चुंबकन ÷ म्यू-नॉट) × क्षेत्रफळ (वर धन, खाली ऋण), आणि सगळ्या जोड्यांवर कूलोंबसारखा व्यस्त वर्ग लावा. तुकडा फटीपेक्षा मोठा झाला की उत्तर भरकटतं; १ मिमी फटीला ०.५ मिमीचा तुकडा ही वरची मर्यादा. जवळ लोखंड आलं की मात्र ही पद्धत बाद, फेमकडेच वळा.

शिकण्याचा क्रम: कूलोंब, मग बायो-सावार, अँपिअरचा नियम, मग चुंबकित पदार्थ. मॅक्सवेलचा ताण शेवटी.

पडताळणीसाठी डिजिटल काट्यावर आधी १० सेंमीचा लाकडी ठोकळा, त्यावर एक चुंबक पक्का चिकटवा, मग दुसरा वरून जवळ आणून आकड्यातला फरक बघा. ठोकळा नसेल तर चुंबक काट्यातलं पोलादच ओढतो आणि आकडा खोटा येतो.