मदत हवी आहे : गौरी आवाहनाच्या रात्रीच लिव्हरपूल-आर्सेनल मॅच आहे, आणि लेकीला यंदा काय सांगू?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय, ऑगस्ट २०२५. जरा लांबण लागणार आहे, पण ज्यांच्या घरी फुटबॉल आणि सणवार एकाच हॉलमध्ये होतात त्यांना कळेल म्हणून सगळंच सांगते.

मी लंडनच्या आर्सेनल टीमची, २००३-०४ पासून. तेव्हा मी नववीत, रामबागेतल्या माहेरच्या घरी केबलवर मॅच लागायची आणि दादा टीव्हीचा आवाज कमी करायचा नाही, मग झोप येईना म्हणून मीही बसायला लागले. त्या वर्षी ३८ मॅचमध्ये २६ जिंकलो, १२ ड्रॉ, हरलो एकही नाही. आँरी बॉल घेऊन डावीकडून आत शिरला की दादा उभाच राहायचा. मला वाटलं आपली टीम अशीच असते, दर वर्षी असंच होणार. त्यानंतर प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची मुख्य लीग, एकदाही नाही. दादा आता बंगलोरला, आणि ते सगळं माझ्याकडून लेकीकडे गेलं, ती ११ वर्षांची आहे, सहावीत.

आता माझी अडचण. २०२२-२३ मध्ये आपण २४८ दिवस टॉपवर होतो, मी तिला एप्रिलमध्येच सांगून टाकलं की यंदा आपलंच. शेवटी मँचेस्टर सिटी जिंकली. पुढच्या वर्षी आपले ८९ पॉइंट आणि त्यांचे ९१, शेवटच्या रविवारपर्यंत जीव टांगणीला. मागच्या सीझनला तर लिव्हरपूल १० पॉइंट पुढे, १४ मॅच ड्रॉ केल्यावर दुसरं काय होणार म्हणा. साका जखमी, हावर्ट्झ जखमी, जेसूस जखमी, फॉरवर्डच उरला नाही म्हणून मेरिनोसारख्या मिडफिल्डरला पुढे खेळवलं, आणि बिचारा मनापासून खेळलाही. तीन वर्षं ओळीने दुसरा नंबर. आणि तिन्ही वेळा मी लेकीला "यंदा नक्की" म्हटलेलं.

एप्रिलमध्ये चॅम्पियन्स लीगला, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत, आपल्या राईसने रियल माद्रिदला फ्री किकवर दोन गोल मारले, त्या रात्री साडेबाराला मी तिला झोपेतून उठवलं होतं, घरचे रागावले पण मला अजिबात पस्तावा नाही, ती रात्र तिला जन्मभर आठवेल. पण मग सेमीफायनलला पॅरिसवाल्यांनी इथेही हरवलं तिथेही हरवलं, आणि पहाटे तीनपर्यंत पोरगी उशीत तोंड खुपसून रडत होती. सुट्ट्या होत्या म्हणून शाळेचं तरी नव्हतं. मी म्हटलं बास, ह्या वर्षी फुटबॉल बंद, आता जूनमध्ये पुस्तकं आणायची, आजोळी जायचं, फुटबॉलचं नाव नको.

इथे माझं चुकलं, ते अजून डाचतंय. २४ मेला आपल्या बायकांच्या टीमची चॅम्पियन्स लीग फायनल होती, बार्सिलोनाशी, लिस्बनला. आम्ही देवासला लग्नात होतो, मोबाईल पर्समध्ये, मी बघायचं ठरवलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोहे खाता खाता तिने फोन उघडला आणि एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "आई, आपण जिंकलो होतो आणि मला माहीतच नव्हतं."

१-०. ब्लॅकस्टेनियसने ७४ व्या मिनिटाला गोल मारला. ज्या टीमने ऑक्टोबरमध्ये कोच गमावला, क्वालिफायिंगच्या अगदी पहिल्या राउंडपासून खेळत वर आली, माद्रिदला ०-२ हरून घरी ३-० ने उलटवलं, घरी लिओंकडून १-२ हरून तिकडे जाऊन ४-१ मारलं, ती टीम. २००७ नंतर १८ वर्षांनी. आणि मी आपली पुरुषांच्या टीमचं दुःख घेऊन बसलेले. सगळे व्हिडिओ नंतर दाखवले तिला, पण निकाल कळल्यावर बघणं वेगळं आणि दर मिनिटाला पोटात गोळा घेऊन बघणं वेगळं, हे तुम्हाला सांगायला नको.

ह्या उन्हाळ्यात जगात सगळ्यांचे उपास सुटले हो. न्यूकॅसलला ७० वर्षांनी देशातला मोठा कप मिळाला, क्रिस्टल पॅलेसला आयुष्यातला पहिला मोठा कप, टॉटनहॅमलासुद्धा मिळाला, पॅरिसला मिळाला, आणि इथे आपल्या इंदूरच्या रजत पाटीदारने आरसीबीला १८ व्या वर्षी आयपीएल जिंकून दिलं. आमच्या गल्लीत रात्री दीडपर्यंत फटाके चालू होते. समोरचे काका लेकीला म्हणाले, "बेटा, इनका हो गया तो तुम्हारा भी हो जाएगा." तेव्हापासून ती रोज विचारते, आई, यंदा?

आणि खरं सांगू, मलाही वाटतंय. योकेरेस आलाय, लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबसाठी १०२ मॅचमध्ये ९७ गोल केलेला माणूस, इतकी वर्षं जे हवं होतं तेच. १४ नंबर दिलाय त्याला, आँरीचा. झुबिमेंडी आलाय मधे बॉल सांभाळायला. लेकीने तर शोधून काढलंय की बायकांची फायनल ज्या मैदानावर झाली ते स्पोर्टिंगचंच मैदान, म्हणजे योकेरेसचं घर, आणि ब्लॅकस्टेनियसही स्वीडनची आणि तोही स्वीडनचा. तिच्या मते हा शकुन आहे. मी शकुन मानत नाही, पण हे ऐकून मला बरं वाटलं.

काळजी आहे ती सुरुवातीची. १७ ऑगस्टला ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेड, मग घरी लीड्स, ३१ ला अॅनफील्डवर लिव्हरपूल, मग फॉरेस्ट, २१ सप्टेंबरला सिटी, २८ ला न्यूकॅसल त्यांच्या घरी. पहिल्या सहात चार अवघड मॅच. यात आठ-दहा पॉइंट गेले तर पोरगी सप्टेंबरमध्येच कोमेजणार. परवा हाँगकाँगला टॉटनहॅमकडून १-० हरलो ते फ्रेंडली होतं असं समजावलं तर म्हणे, "पण त्यांच्या पापे सारने हाफलाइनवरून गोल मारला ना आई, फ्रेंडलीत पण आपला गोलकीपर असतोच ना."

तर मदत हवी आहे ती अशी. ३१ ऑगस्ट रविवार, रात्री ९ ला लिव्हरपूल. त्याच दिवशी आमच्याकडे गौरी येतात. टीव्ही हॉलमध्ये, मखर हॉलमध्ये, दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या आणि पुरणाचा स्वयंपाक, सासूबाईंचं वय ७४ आणि त्यांचं सोवळं आहे, मला त्यांचं मन दुखवायचं नाहीये आणि मॅचही सोडायची नाहीये, मे महिन्यासारखं पुन्हा होऊ द्यायचं नाही. कोणी जमवलंय का हे? दुसरं, ६ सप्टेंबरला बायकांच्या लीगची आपली पहिली मॅच आहे, लंडन सिटीशी, ऑलिव्हिया स्मिथ आल्यापासून लेक तिचीच झालीय, १० लाख पाउंड देऊन घेतलेली पहिली मुलगी म्हणून. पण त्या लीगच्या मॅच इथे कुठे दिसतात? तिसरं, लेकीला खेळायचंय, शाळेत मुलांना फुटबॉल आणि मुलींना थ्रोबॉल असं आहे, दोनदा बोलून झालं, हसून सोडून दिलं. इंदूरात मुलींना कोण नीट शिकवतं?

आणि सगळ्यात मोठं, ती यंदा विचारते तेव्हा काय सांगू? नक्की म्हणू? की आधीच तिला सावध करून ठेवू?

प्रतिसाद : बडोदेकरीण

ताई, आमच्याकडेही उभ्या गौरी असतात, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं मी सांगते. आवाहन अनुराधा नक्षत्रावर, तेव्हा आधी पंचांगात वेळ बघून घ्या, त्या दिवशी नैवेद्य नुसता भाजी-भाकरीचा असतो, खरी धावपळ दुसऱ्या दिवशी. भाज्या शनिवारी आणून निवडून ठेवा, डाळ सोमवारी पहाटे लावली तरी चालते. सासूबाईंना शेवटच्या क्षणी सांगू नका, आत्ताच सांगा, की रात्री नऊ ते अकरा मी आणि लेक आतल्या खोलीत मोबाईलवर मॅच बघणार. गौरींसमोर टीव्ही लावायचा नाही एवढंच पाळा. गौरी माहेरवाशिणी आहेत हो, दोन तास लेकीसोबत बसलात म्हणून रागावणार नाहीत. आमच्या सासूबाई आधी नाही नाही म्हणायच्या, आता मॅच असली की त्याच विचारतात आपले कुठल्या रंगाचे.

प्रतिसाद : लष्कर-ग्वाल्हेर

प्रीमियर लीग यंदा जिओहॉटस्टारवर आणि स्टार स्पोर्ट्स सिलेक्टवर आहे. बायकांच्या लीगचं म्हणाल तर मागच्या सीझनला ब्रिटनमध्ये टीव्हीवर नसलेल्या मॅच लीगच्या यूट्यूब चॅनलवर फुकट लाईव्ह असायच्या, मी बऱ्याच बघितल्यात, मॅचच्या आदल्या दिवशी तिथे शेड्यूल तपासा. पण ६ सप्टेंबर म्हणजे अनंत चतुर्दशी, तुमच्याकडे मिलच्या झांक्या (चित्ररथ) निघतात त्या दिवशी, रस्त्यात अडकाल. विसर्जन लवकर करून घ्या. त्या वीकेंडला पुरुषांची लीग बंद आहे, इंटरनॅशनल ब्रेक, त्यामुळे लेकीचं सगळं लक्ष तिकडेच राहील, हे चांगलंच झालं.

खेळायचं म्हणाल तर अकादमीची जाहिरात बघून पैसे भरू नका, आधी संध्याकाळी मैदानावर जाऊन तीन गोष्टी बघा. मुली किती आहेत, कोच मुलींना मुलांइतकाच वेळ बॉल देतो का, आणि कपडे बदलायला जागा आहे का. जिल्ह्याच्या फुटबॉल संघटनेत विचारा की मागच्या वर्षी मुलींच्या स्पर्धेत कुठल्या टीम उतरल्या होत्या, त्यावरून खरं काम कोण करतंय ते कळतं. महूलाही एक चक्कर मारा. आणि शाळेत परत बोलायला जाल तेव्हा हे सांगा की ५ जुलैला भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवून आशियाई कप गाठलाय, दोन्ही गोल संगीता बास्फोरचे. थ्रोबॉलवाल्या सरांना हे माहीत नसेल.

प्रतिसाद : सुदामा नगरचा लाल

ताई मी लिव्हरपूलचा, तुमच्याच गावचा, ३१ ला तुमच्या विरुद्ध बसणार. आमच्या घरी यंदा सीझनची वाट बघणं जड जातंय. आमचा खेळाडू जोटा वारला जुलैमध्ये, भावासकट. माझ्या मुलाच्या शर्टावर त्याचा २० नंबर आहे, तो आता कोणालाच देणार नाहीत, मुलगा तो शर्ट घालायलाही तयार नाही आणि धुवायलाही देत नाही. त्यामुळे यंदा जिंकू का वगैरे आम्ही बोललेलोच नाही अजून.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. आम्ही ३० वर्षं थांबलो. २०१९ ला ९७ पॉइंट करून दुसरे आलो, अख्ख्या सीझनमध्ये एकच मॅच हरून, सिटीचे ९८. माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा, मी त्याला काहीच सांगू शकलो नाही, नुसता गच्चीवर घेऊन गेलो. पुढच्या वर्षी मिळालं तेही लॉकडाउनमध्ये, चेल्सीने सिटीला हरवलं म्हणून रात्री घरात बसल्या बसल्या आम्ही चॅम्पियन झालो, बाहेर पडायची सोय नाही. तो पळत येऊन मला बिलगला. त्याला आज २०१९ चं पण तितकंच आठवतं. सावध करून ठेवलंत तर हरल्यावर रडायचं वाचत नाही ताई, ती तरीही रडेल, फक्त तुमच्यापासून लपून रडेल. "माहीत नाही, पण मला वाटतंय" एवढं सांगा. ते खरंही आहे.

प्रतिसाद : धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. लाल दादा, तुमच्या मुलाला माझ्याकडून आणि लेकीकडून खूप माया. तुमचं लिहिलेलं तिला वाचून दाखवलं, ती म्हणाली ३१ ला आपण जिंकलो तर त्या दादासमोर ओरडायचं नाही.

बडोदेकरीण ताई, आज सासूबाईंना सांगून टाकलं. त्या निवडलेल्या गवारीचं ताट बाजूला ठेवून म्हणाल्या, मेमध्ये रडत होती ती ह्याच्यासाठीच का? मी हो म्हटलं. म्हणाल्या, आतल्या खोलीत का मग, माझ्या खोलीत बसा, पलंग मोठा आहे, मलाही पाय पसरून बघता येईल.

यूट्यूब चॅनल लेकीने फोनवर सेव्ह केलंय. उद्या संध्याकाळी पाऊस नसला तर मैदान बघायला निघतोय दोघी. आणि तिने झोपताना परत विचारलं, यंदा? मी म्हटलं माहीत नाही, पण मला वाटतंय. ती म्हणाली, मलापण.