जपानमधल्या कानाझावा शहरात निवांत निसर्ग कुठे अनुभवता येईल?

प्रश्न: नोव्हेंबरमध्ये आईसह कानाझावात एकच दिवस आहे. तिला फार चढउतार झेपत नाही. कुठे जावे?

उत्तर १: केनरोकुएन उद्यानालाच सकाळ द्यावी. १ नोव्हेंबरपासून तिथे 'युकित्सुरी' सुरू होते, म्हणजे जपानी समुद्राकडून येणाऱ्या ओल्या, जड बर्फाने फांद्या मोडू नयेत म्हणून उंच खांबाच्या टोकापासून प्रत्येक फांदीला दोर बांधतात. उद्यानातल्या 'कारासाकी पाइन' या पाइन वृक्षावरचा तो दोरांचा शंकू तळ्याकाठी बसून पाहावा. मला तो फुलांच्या बहराहून सुंदर वाटला.

उत्तर २: उद्यानात थोडा चढ आहे, म्हणून आईंना सावकाश न्या. दुपारी आसानो नदीकाठी सपाट वाटेने फिरा. 'जेवणाचा डबा विसरा, पण छत्री विसरू नका' ही तिथली म्हण अगदी खरी आहे.

प्रश्नकर्ती: मनःपूर्वक आभार. छत्र्या दोन घेते.